पोर्ट्रेट उजळ ब्लॅक अँड व्हाइट कसं करायचं, कपाळावरचं कुंकू न घालवता

मावशीचा एक फोटो आहे, गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत काढलेला. जुलै महिना, पाऊस नुकताच उघडलेला पण आभाळ गच्च, आणि मावशी कठड्याला हात टेकून खाली वाडीत कोण आलंय ते बघतेय. उजेड इतका मऊ होता की मी कॅमेरा आणायला आत पळालो. रात्री बसून तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला, एकदम उजळ, मागची भिंत जवळजवळ पांढरी, चेहरा नितळ. सकाळी तिला दाखवला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "छान आलाय रे, पण माझं कुंकू कुठाय?"

कुंकू नव्हतं. रुपयाएवढं लालभडक कुंकू लावते ती, लहानपणापासून तसंच बघतोय, आणि फोटोत त्या जागी कपाळाच्याच रंगाचा एक फिकट गोल. आत काका पेपर वाचत बसलेले आणि इथं तिच्या हातात तिचाच कुंकवाशिवायचा फोटो. ती पुढे काही बोलली नाही, फोन परत दिला फक्त, पण मला ते फार लागलं. झालं असं होतं की त्वचा उजळवायला मी लाल रंगाचा स्लायडर वर नेला आणि त्याच्याबरोबर कुंकूही उजळून गेलं. त्या दिवसापासून ही गोष्ट नीट शिकायचीच असं ठरवलं, आणि आता लग्नाचे, साठीचे, नुसते घरगुती असे भरपूर पोर्ट्रेट करून झाल्यावर जे हाताला बसलंय ते सगळं इथे लिहितोय.

आधी उजळ म्हणजे काय ते

याला फोटोग्राफीत हाय-की म्हणतात. फोटोचा बराचसा भाग फिका, सावल्या हलक्या, आणि काळं अगदी मोजकं पण खरंखुरं काळं, म्हणजे बुबुळं, पापण्या, केस, मंगळसूत्राचे मणी. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला एकूण उजेड, वाढवून सगळं पांढरंफटक केलं की हाय-की झालं असं नाही, तो फक्त उडालेला फोटो, पांढऱ्यात सगळा तपशील हरवलेला.

आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उजळ फोटो म्हणजे गोरा माणूस नाही. माझ्याकडे लग्नाचे फोटो करून घ्यायला येतात तेव्हा "जरा उजळ करा" याचा अर्थ दहातल्या निम्म्या वेळा "मुलगी गोरी करा" असाच असतो, आणि मी ते करत नाही, सरळ सांगतो. सावळ्या माणसाचा फोटोही झकास उजळ होतो, कारण फोटो उजळ वाटतो तो मागच्या भिंतीमुळे, कपड्यांमुळे, सावल्या भरल्यामुळे आणि डोळ्यातल्या चमकीमुळे, त्यासाठी त्वचेचा टोन बदलावा लागतच नाही. उलट पांढऱ्या पार्श्वभूमीवर सावळा चेहरा जसा उठून दिसतो तसा गोरा दिसत नाही, गोरा चेहरा भिंतीत विरघळतो आणि मग त्याला कडा शोधत बसावं लागतं.

फोटो कुठला घ्यायचा, आणि काढायचाच असेल तर कसा

एका बाजूनं कडक ऊन आणि दुसरीकडे काळीकुट्ट सावली असा फोटो उजळ करायला जाऊ नका, तो गडद नाट्यमय ब्लॅक अँड व्हाइटसाठी ठेवा. आपल्याला मऊ उजेड लागतो. मुंबईत तो फुकट मिळतो, जून ते सप्टेंबर आभाळ म्हणजे एक भलामोठा सॉफ्टबॉक्स असतो. बाकीच्या महिन्यांत खिडकी, पण उन्हाची नाही, उत्तरेकडची किंवा समोरच्या बिल्डिंगच्या फिक्या भिंतीवरून उजेड परतून येतो ती. माणसाला खिडकीकडे तिरपं बसवा आणि सावलीच्या बाजूला थर्माकोलची एक मोठी शीट धरायला कुणाला तरी उभं करा, गणपतीच्या मखराची जुनी उरली असेल तर तीही चालते. एवढ्यानं अर्धं एडिटिंग वाचतं.

कॅमेऱ्याचा मीटर जे समोर असेल त्याला मधल्या राखाडी टोनकडे ओढतो, म्हणून पांढऱ्या भिंतीसमोरचा फोटो नेहमी मळकट येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यातलं प्लस-मायनस) पाऊण ते एक स्टॉप वर ठेवा, एक स्टॉप वर म्हणजे दुप्पट उजेड, आणि हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख, त्यातला डोंगर उजवीकडे सरकलेला हवा पण उजव्या भिंतीला आपटून चिकटलेला नको. भिंत थोडी उडाली तर चालेल, कपाळ आणि नाकाचा शेंडा उडाला तर तो परत येत नाही. मे महिन्यात तर घाम असतोच, तेव्हा फोटोआधी चेहरा टिश्यूनं टिपून घ्या, चोळू नका, नुसता टिपा, कारण घामाची चकाकी ब्लॅक अँड व्हाइटमधे पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते आणि ती काढायला नंतर अर्धा तास जातो.

जमलं तर रॉ मधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमधे काढा. जेपेगमधे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉ मधे १६,३८४. उजळ करताना आपण या पायऱ्या ताणतो, कमी असतील तर गालावर पट्टे दिसायला लागतात. फोनमधेही हल्ली रॉ चा पर्याय बऱ्याच जणांकडे असतो. आणि कॅमेऱ्यातला ब्लॅक अँड व्हाइट मोड लावून जेपेग काढू नका प्लीज, रंग एकदा गेले की पुढचं सगळं काम ज्याच्यावर चालतं तेच गेलं.

रंगीत असतानाच साफ करा

हे लोक सोडून देतात. शेवटी रंग घालवायचेच आहेत तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानं आलेली रंगाची झाक काढणं, कशाला, असं वाटतं. पण चाळीतल्या भिंती निळ्या नाहीतर पोपटी, त्याचा रंग गालावर येतो, ट्यूबलाइटचा हिरवट झाक वेगळाच, आणि मग त्वचेचा अर्धा भाग नारंगीत आणि अर्धा हिरव्यात जातो आणि स्लायडर हलवला की चेहऱ्यावर ठिगळं दिसतात. म्हणून आधी व्हाइट बॅलन्स असा करा की त्वचा त्वचेसारखी दिसेल, मग एक्स्पोजर थोडा वर, मग पिंपल किंवा पावडरचा डाग असेल तर तो हीलिंगनं (डाग पुसायचं टूल) काढा. तीळ काढू नका, तो त्या माणसाचा आहे.

रंग काढायचे कसे, इथेच सगळी गंमत आहे

सॅच्युरेशन शून्यावर नेऊन ब्लॅक अँड व्हाइट करू नका. तिथे सॉफ्टवेअर एका ठरलेल्या हिशोबानं रंगांचा राखाडी करतं आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही. टीव्हीच्या काळापासून चालत आलेला एक हिशोब आहे, लाल ३० टक्के, हिरवा ५९, निळा ११, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ वाटतो. सॉफ्टवेअरनुसार हिशोब थोडा बदलतो, पण घोटाळा तोच, लाल साडी आणि हिरवी बॉर्डर दोन्ही एकाच राखाडीत जाऊ शकतात, आणि मग काठच दिसत नाही.

त्याऐवजी लाइटरूममधे (अ‍ॅडोबचं फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) व्ही बटण दाबा किंवा ब्लॅक अँड व्हाइटवर क्लिक करा, खाली मिक्सर उघडतो, आठ रंग. यातला प्रत्येक स्लायडर म्हणजे मूळ फोटोतला तो रंग राखाडीत किती उजळ दाखवायचा ते. फोटोशॉपमधे ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅडजस्टमेंट लेयर, तिथे सहा. फुकटात हवं तर गिम्पमधे कलर्स, डिसॅच्युरेट, मोनो मिक्सर, तिथे फक्त लाल हिरवा निळा मिळतात, तिघांची बेरीज एक ठेवा, मी लाल ०.४५, हिरवा ०.४५, निळा ०.१० पासून सुरू करायला सांगेन.

आता आपल्या माणसांच्या फोटोत काय काय असतं ते बघा. आपली त्वचा, गोरी असो की काळी, बहुतेक सगळी नारंगी स्लायडरमधे येते. कुंकू, लाल टिकली, लिपस्टिक, लाल शालू हे लालमधे. सोनं पिवळ्यात आणि थोडं नारंगीत. हिरवा चुडा हिरव्यात. म्हणजे चेहरा उजळवायचा तर नारंगी वर, आणि लाल जागेवर किंवा खाली. मावशीच्या फोटोत मी शेवटी नारंगी अधिक २० आणि लाल उणे २५ ठेवला आणि कुंकू परत आलं, गडद, गोल, कडा धारदार. लाल खाली नेला की ओठही गडद होतात, बहुतेक वेळा ते छानच दिसतं, जास्त वाटले तर ओठांवर ब्रश फिरवून पाव स्टॉप वर घ्या. डोळे लालसर असतील, रात्रभर हळदीचं जागरण झालेलं असतं, तर पांढऱ्या भागातल्या रेषा मात्र जास्त दिसायला लागतात, तेवढ्या हीलिंगनं घ्या.

जुन्या अल्बममधे पणजीच्या फोटोत कुंकू काळंभोर आणि चेहरा थोडा काळवंडलेला दिसतो ना, त्याचं कारण हेच पण उलट्या बाजूनं. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नव्हता, म्हणून लाल ते सगळं काळं यायचं.

पिवळ्याबद्दल जरा जपून. ठुशी, नथ, पाटल्या यांचं सोनं उजळ करायच्या नादात पिवळा अधिक ४० केला की सोन्याची नक्षी सपाट होते, दागिना प्लॅस्टिकचा वाटतो. मी पिवळा शून्य ते अधिक १० इथेच ठेवतो. अपवाद हळदीच्या फोटोंचा, तिथे गालावर हळद कुठे जाड कुठे पातळ असते, पिवळा आणि नारंगी जवळजवळ सारख्या उजळीवर आणले की चेहरा एकसारखा होतो आणि हसू दिसतं. हिरवा उणे २०, चुडा गोऱ्या हातावरही उठून दिसतो. निळा आणि जांभळा पैठणीप्रमाणे, पण निळा फार हलवू नका, घरातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडात निळ्या चॅनलमधे सगळ्यात जास्त कचरा, म्हणजे बारीक दाणे, असतो, तो वर येतो. कुठल्या स्लायडरनं काय हलतंय कळत नसेल तर मिक्सरच्या कोपऱ्यातलं छोटं टार्गेट उचला, गालावर ठेवा आणि माउस वर ओढा, ते स्वतःच योग्य रंग पकडतं.

आता उजेड

मिक्सर झाला की वरच्या पॅनेलमधे या. एक्स्पोजर अधिक ०.३ ते ०.७, हायलाइट्स उणे ३० च्या आसपास म्हणजे कपाळ सांभाळलं जातं, शॅडोज अधिक ३० ते ५०, व्हाइट्स वर पण ऑल्ट दाबून, स्क्रीन काळी होते आणि जे उडतंय तेवढंच दिसतं, भिंत दिसली तर दिसू दे, चेहऱ्यावर ठिपका आला की थांबा. मग ब्लॅक्स, तोही ऑल्ट दाबून, आणि हा खाली न्यायचा. नवीन माणूस इथे चुकतो, उजळ करायचंय म्हणून ब्लॅक्सही वर नेतो आणि फोटोवर ताकासारखा पातळ पांढरेपणा येतो. बुबुळात आणि केसांच्या खोल भागात थोडं तरी शुद्ध काळं पाहिजे, तेवढं असलं की बाकीचं पांढरं पांढरं वाटतं.

मग कर्व्ह, म्हणजे टोनची तिरकी रेघ, खालचं टोक काळं आणि वरचं पांढरं. तीन बिंदू पुरतात. खालून पाव अंतरावर एक, तो जागच्या जागी ठोकून ठेवा म्हणजे काळं हलणार नाही. मध्यावर एक, तो थोडा वर, ५० चा ५८ किंवा ६०. वरून पाव अंतरावर एक, ७५ चा ८२. बस. यापेक्षा जास्त वाकवलात तर गाल आणि नाक यांच्यातला फरक जातो आणि चेहरा पुठ्ठ्याचा होतो.

लाइटरूममधे माउस गालावर ठेवला की हिस्टोग्रामखाली टक्के दिसतात, डोळ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते बघा, कारण रात्री एकला आपला डोळा सगळंच उजळ म्हणतो. उजेडाकडचा गाल, गोरा असेल तर ७५ ते ८५, गव्हाळ ६५ ते ७५, सावळा ५० ते ६५. हे माझे आकडे आहेत, पाच इकडे तिकडे चालतं. सावळ्या चेहऱ्याचा गाल ८० वर गेला की तुम्ही फोटो उजळ केला नाहीये, माणूस बदललाय. मागची भिंत ९५ च्या पुढे न्या, तेवढ्यानंच सगळा फोटो खुलतो.

मास्क, म्हणजे जिथे हवं तिथेच

भिंत पांढरी करताना लाइटरूममधे बॅकग्राउंड मास्क निवडा आणि एक्स्पोजर वाढवा, एकदम नाही, अर्धा अर्धा स्टॉप. केसांच्या कडेकडे लक्ष ठेवा, तिथे पांढरी किनार दिसायला लागते, विशेषतः दमट हवेत बाहेर आलेल्या बारीक केसांभोवती. किनार आली की ब्रश छोटा करून मास्कमधून वजा करा. केस पूर्ण कापल्यासारखे होण्यापेक्षा भिंत थोडी राखाडी राहिलेली बरी.

चेहऱ्यावर डॉज आणि बर्न, म्हणजे बारीक ठिकाणी उजळ आणि गडद करणं. फोटोशॉपमधे नवीन लेयर, ५० टक्के ग्रे भरा, ब्लेंड मोड सॉफ्ट लाइट, आणि पांढरा ब्रश फ्लो ३ ते ५ टक्के. डोळ्यांखालची सावली, नाकाशेजारची घडी, ओठांच्या कोपऱ्यातला अंधार एवढंच हळूहळू उचलायचं. बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ १९२८ पासूनचा आहे, त्या काळच्या स्टुडिओंत हेच काम निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं करायचे, पेन्सिल जिथे लागली तिथे प्रिंटमधे उजळ यायचं. एकेका चेहऱ्यावर तासभर बसणारे कारागीर होते ते. आपल्याला अनडू आहे, तेव्हा दहा मिनिटं तरी द्या.

डोळे, बुबुळाचा खालचा अर्धा भाग पाव ते अर्धा स्टॉप वर, पांढऱ्या भागाला हात नाही, नाहीतर भुतासारखं दिसतं. क्लॅरिटी उणे ५, फार तर उणे १०, टेक्स्चर शून्यावर. म्हाताऱ्या माणसांच्या सुरकुत्या ठेवा, पाया पडून सांगतो. मऊ उजेडात आणि उजळ टोनमधे त्या आपोआप हलक्या होतात, अजून पुसल्या की आजीच्या जागी कुणीतरी तिच्यासारखी दिसणारी बाई उरते. गजरा असेल तर त्याच्यावर वेगळा मास्क टाकून हायलाइट्स खाली आणि टेक्स्चर अधिक १५, म्हणजे मोगऱ्याच्या कळ्या सुट्या दिसतात, नाहीतर केसात कापसाचा बोळा खोचल्यासारखं वाटतं.

फक्त फोनच असेल तर

स्नॅपसीड घ्या, फुकट आहे. आधी ट्यून इमेजमधे शॅडोज वर, हायलाइट्स खाली. मग ब्लॅक अँड व्हाइट, त्यात कलर फिल्टर असतो, कुंकू असेल तर लाल फिल्टर घेऊ नका, त्यात ते उडतं, पिवळा घेऊन बघा किंवा न्यूट्रल. मग कर्व्ह वर सांगितला तसाच. शेवटी सिलेक्टिव्हनं गालावर बोट ठेवून ब्राइटनेस अधिक १५ आणि कुंकवावर छोटा बिंदू ठेवून उणे ३०. इथल्या ब्लॅक अँड व्हाइट टूलमधे रंगवार मिक्सर नाही म्हणून ही खटपट. फोनचा ब्राइटनेस मध्यावर ठेवून एडिट करा, फुल ठेवला तर फोटो दुसऱ्याच्या फोनवर काळपट दिसतो.

पाठवणं आणि प्रिंट

ऑनलाइन टाकायचा तर एसआरजीबी (वेबची नेहमीची रंगव्यवस्था), लांब बाजू २०४८ पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि पांढऱ्या भिंतीवर चौकोनी चौकोनी डाग येतात. भिंत पूर्ण पांढरी आणि पेजही पांढरं असेल तर फोटोची कडच दिसत नाही, मग एक बारीक राखाडी रेघ द्या.

प्रिंटसाठी ८ बाय १० इंच म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबानं २४०० बाय ३००० पिक्सेल. भिंत ९७-९८ वर थांबवा, शंभर नको, शंभरला नुसता कोरा कागद उरतो आणि तिरकं बघितलं की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. कागद मॅट. आणि लॅबवाल्याला तोंडी आणि पाकिटावर लिहून दोन्हीकडे सांगा, करेक्शन करू नका. मावशीचा पहिला प्रिंट एका लॅबमधून आला तो राखाडी, कारण त्यांच्या मशीननं उजळ फोटो म्हणजे चूक समजून तो आपणहून खाली ओढला होता, वर रंगीत कागदावर काढल्यामुळे हलकी हिरवट झाक. दुसऱ्या वेळी करेक्शन बंद करायला लावलं आणि आधी ४ बाय ६ चा एक नमुना काढून घेतला, तो दिवसा खिडकीत धरून बघितला, ट्यूबखाली नाही, आणि मगच मोठा काढला.

तो आता दिवाणाच्या वर लावलाय. सकाळी गॅलरीतून उजेड येतो तो थेट काचेवर, आणि नऊ वाजेपर्यंत फोटोत मावशीच्या जागी समोरच्या चाळीची खिडकी दिसते. फ्रेमला नॉन-ग्लेअर काच घ्यायची राहिली, तुम्ही आधीच सांगून घ्या.